पालथ्या माणसाची चुंबळ

"तुझा हा साचा घाल चुलीत, सोल्या! आंधळी करायला निघालास काय मला?"

काशीबाई बाकड्यावरनं उठायला बघत होती आणि उठता येत नव्हतं, म्हणून आणखीच चिडत होती. डावा पाय दिवाळीपासून तिचं ऐकत नव्हता. मान तर गेली दहा वर्षं कुणाचंच ऐकत नव्हती. तोंडाला प्लॅस्टरची पांढरी भुकटी लागलेली आणि डावा डोळा लालबुंद झालेला.

"साचा माझा?" सॉलोमनचा आवाजही चढला. "'तोंडाचा साचा घे, साच्यासारखं नेमकं काय बसत नाय,' हे कोन बोललं? मी?"

"मी बोलले. पन फिटर कोन? तीस वर्षं धाटावच्या कंपनीत नुसत्या शिफ्टाच भरल्यास काय? तुला कळाया नको?"

"मी पाइपांचा फिटर हाय गो, थोबाडांचा नाय!"

सून शांती कोपऱ्यात मूर्ती घासत बसली होती. तिनं मान खाली घालून हसू दाबलं. सासूनं ते बघितलंच. लाल डोळ्यानंसुद्धा बघितलं.

आता हे सगळं कशावरनं, तर काशीबाईच्या पाठीवरनं. काशीबाई म्हणजे पेणची आखणीवाली. गणपती साच्यातनं निघतो, घासला जातो, रंगतो, सगळं होतं, पण डोळे आखल्याशिवाय तो नुसता प्लॅस्टरचा गोळाच असतो. ते डोळे आखायचं काम काशीबाईचं. चाळीस वर्षं मांडी घालून, मूर्तीवर वाकून, श्वास धरून तिनं डोळे आखले. त्या चाळीस वर्षांत मान जी वाकली ती वाकलीच. ती उभी राहिली तरी वाटायचं, बाईचं काहीतरी जमिनीवर पडलंय आणि ती ते शोधतेय.

दिवाळीत डावा पाय बधिर झाला. पनवेलला जाऊन मशिनीत फोटो काढला. पेणच्या भिसे डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि सांगितलं, कमरेत नस चेपलीय. महिनाभरात मोकळी केली नाही तर पाय जाईल, लघवीवरचा ताबाही जाईल.

"मंग करा मोकळी," काशीबाई म्हणाली.

"तीन तास पालथं झोपवावं लागेल. भूल देऊन." डॉक्टर सरळ बोलणारा माणूस होता, आडवळण घेत नसे. "आमच्याकडे भोकाची उशी आहे, पण ती सपाट आहे, सरळ मानेच्या माणसासाठी. तुमची मान वाकलेली. त्या उशीवर सगळा भार भुवयांवर आणि डोळ्यांवर येणार. जागा माणूस टोचलं की तोंड हलवतो. भुलीतला हलवत नाही. तीन तास डोळा दाबला गेला तर डोळा जाऊ शकतो, मावशी. आणि मान ओढून सरळ करायला गेलो तर मानेतली नस जाईल. मुंबईला मोठ्या इस्पितळात तशी सोय आहे, पण नंबर तीन महिन्यांनी."

काशीबाईनं बधिर पायावरनं हात फिरवला. मग म्हणाली, "पाय गेला तर बसून काम करीन. तशी पन बसूनच करते. डोळे नाय देनार."

आणि उठून, शांतीच्या खांद्याला धरून, घरी आली. विषय संपला.

तिच्यापुरता संपला. पण ही बातमी रोह्याजवळ, कुंडलिकेच्या काठच्या अष्टमी गावात पोचली. काशीबाई तिथलीच, पेणला लग्न होऊन आलेली. माहेरच्या घराला लागून सॉलोमनचं, बेने इस्रायली ज्यूंचं घर. त्याच्या आज्याचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा, म्हणून अख्खं गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. एका भिंतीची दोन घरं. ह्या बाजूला काशी रडली की त्या बाजूला सोल्या ओरडायचा, "काशे, गप ऱ्हा गो, झोपूंदे!" राखी ती त्यालाच बांधायची, कारण तिला सख्खा भाऊ नव्हता. आता त्याची बायको नाही, पोरगी हन्ना इस्रायलला. ती दर रविवारी फोन करायची, "पप्पा, या ना आता हिकडं." तो दर रविवारी सांगायचा, "येतो. एक काम ऱ्हायलंय." ह्या महिन्यात ते काम म्हणजे काशीबाईचं डोकं.

बातमी कळली तसा तो लाल गाडीनं पेणला आला आणि काशीबाईकडं यायच्या आधी थेट भिसे डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांना त्यानं एकच गोष्ट विचारली, "आपरेशनच्या टेबलाच्या बाजूला जी दांडी असते, तिची जाडी किती?"

डॉक्टरांनी मोजून दिली. वर म्हणाले, "डोकं टेकवायचं काय ते करून आणा. पण आधी मी स्वतः त्यावर झोपून बघणार. मला पटलं तर मावशी, नाहीतर नाही."

मग ते साच्याचं खूळ निघालं. काशीबाईनंच काढलं. पेणच्या माणसाला सगळ्या दुखण्यावर साचा हे एकच औषध माहीत. साचा चांगला कुठला, तर जो चहूबाजूंनी टेकतो, ज्यात हवेचा बुडबुडा राहत नाही. सॉलोमन फिटर, त्याचाही तोच हिशेब, फट राहिली म्हणजे गळती. दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. काशीबाईला उताणी झोपवून, नाकात भुंगळ्या घालून, तोंडाचा साचा घेतला. त्याला आतून स्पंज लावला, नाकातोंडापुरतं भोक पाडलं, लोखंडी स्टँडवर बसवला आणि आज ती त्यावर पालथी झोपली. घड्याळ लावून अर्धा तास काढायचा होता.

दहा मिनिटांत डाव्या डोळ्यासमोर अंधारी आली.

"ने तुझं लोखंड," ती आता म्हणाली. "आनि पुन्यांदा येऊ नको."

"नाय येत! मला काय हौस हाय? दोन गाड्या बदलून येतो मी!" सॉलोमननं साचा, स्टँड, पान्हे सगळं गोणत्यात कोंबलं, गोणतं खांद्यावर मारलं आणि चालता झाला. दारातनं वाकून बाहेर पडताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं. ते त्यानं कुणाला कळू दिलं नाही. काशीबाईनं पाहिलं.

ती बाकड्यावर बसून राहिली. उजवा डोळा झाकायची, डाव्यानं बघायची. डावा झाकायची, उजव्यानं बघायची. समोरच्या फळीवरच्या मूर्ती हळूहळू ठीक दिसायला लागल्या. पण आखणीचा हात तिनं पदराखालीच ठेवला.

शांती बिचारी कामाला लागली. दीड फुटाची एक मूर्ती, डोळे आखून झालेली, पण बुडाला चीर गेलेली. चीर भरायची तर मूर्ती पालथी घालायला हवी. शांतीनं फळीवरची चुंबळ ओढली. बायका डोक्यावर हंडा नाहीतर मासळीची पाटी ठेवताना जी कापडाची गोल वळकटी घेतात तीच चुंबळ, फक्त ही जुन्या लुगड्याची, जाडजूड, गाठ मारलेली. तिच्यावर तिनं मूर्ती तोंडावर टेकवली.

"बोट फिरव गो," काशीबाई बसल्या जागेवरनं म्हणाली. न बघताच. चाळीस वर्षांची सवय. "सोंडेखालनं फिरव. डोळ्याखालनं फिरव. अडकलं तर चुंबळ सैल कर. डोळ्याला काय म्हंजे काय लागता..."

आणि थांबली.

शांतीनं वळून बघितलं. सासू तोंड उघडं ठेवून त्या पालथ्या मूर्तीकडं बघत होती. जसं काही ती मूर्ती आत्ताच काहीतरी बोलली होती.

"शांते, त्या सोल्याला बलव."

"मामा गेलं असतील गाडीत बसून."

"धाव. सांग काशीबाय मेली. मंग येल."

शांतीला धावावं लागलं नाही. सॉलोमन दारातच उभा होता, तोंड फुगवून. "मी काय तुझ्यासाठी नाय आलो. माझा डबा ऱ्हायला हितं."

"डबा मागनं घे. हितं बस. बस म्हनते ना! ह्या बाप्पाला बघ. कुठं टेकलाय?"

सॉलोमन उकिडवा बसला. चष्मा कपाळावरनं नाकावर आणला. "कपाळाला. आनि ह्या दोन बाजूंना."

"डोळ्याला?"

त्यानं बोट घातलं. बोट सहज फिरलं. "नाय."

"सोंडेला?"

"ती मोकळी हाय. भोकात लोंबते."

"चाळीस वर्षांत एका बाप्पाचा डोळा पुसू दिला नाय मी. हजारो पालथे घातले. आनि माझ्या तोंडाची पाळी आली तशी तुझ्या साच्यात घालून बसले. साचा सगळीकडं टेकतो, सोल्या. आपल्याला सगळीकडं टेकायचंच नाय. जिथं हाड हाय तिथं टेकायचं नि बाकी सोडून द्यायचं."

सॉलोमनची बोटं स्वतःच्याच तोंडावर फिरायला लागली. कपाळ, मग गालाची हाडं, मग हनुवटी. शेवटी तो हळूच म्हणाला, "आनि साचा आपन तू उतानी असताना घेतला. पालथ्या मान्साचे गाल खाली लोंबतात. तोंडच बदलतं गो."

"बदलनारच. म्हनून तर गाठ." काशीबाईनं चुंबळीची गाठ त्याच्या नाकापुढं नाचवली. "मंडळाची पाच फुटी मूर्ती आनि ही दीड फुटी, मी काय दोन चुंबळी बांधते? एकीलाच आवळते नि सोडते."

"लोखंडाची चुंबळ?"

"हात लोखंडाचा, चुंबळ मऊ. ते डॉक्टरला इचार काय मऊ घालायचं, त्यांच्याकडं असेल कायतरी. आनि सोल्या, मान हाय तशी ऱ्हाऊ दे. मूर्ती वाकडी असली तर आपन मूर्ती सरळ करतो काय? चुंबळ वाकडी ठेवतो."

सॉलोमननं शांतीकडनं खडूचा तुकडा घेतला आणि जमिनीवर रेघा मारायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत अख्खी पडवी रेघांनी भरली. डबा तिथंच विसरून तो शेवटच्या गाडीनं गेला.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी, तो गोणतं घेऊन हजर झाला. धाटावला ओळखीच्या वर्कशॉपात बसून त्यानं ते बनवलं होतं. दांडीला आवळायचा शिकंजा. त्यावर एक हात, खालीवर होणारा, टेबलाच्या पातळीच्या खालपर्यंत जाणारा, कारण वाकल्या मानेचं डोकं खालीच जातं. मग एक बिजागरी, पुढंमागं कलायला. आणि टोकाला चुंबळ. पण अख्खी गोल नाही. दोन अर्ध्या, मिळून घोड्याच्या नालेसारख्या, खाली तोंडाकडं उघड्या. एक छोटं चाक फिरवलं की दोन्ही अर्ध्या जवळ यायच्या, उलटं फिरवलं की लांब जायच्या. चाक त्यानं जुन्या व्हॉल्व्हचं काढलं होतं. त्यावर अजून 'बंद–चालू' असं लाल रंगात लिहिलेलं.

"हे खरवडून काढाया पायजे होतं," काशीबाई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. डॉक्टरला कळंल, तू कधी बंद, कधी चालू."

"मेल्या."

भिसे डॉक्टरांनी दार लावून घेतलं, कोट काढला आणि स्वतः टेबलावर पालथे झोपले. सॉलोमन त्यांच्या डोक्याशी गुडघ्यावर बसला. "कपाळाला टेकलं? आता गाल. जास्त झालं? बोला, साहेब. तुमचं तोंड माझ्या चाकात हाय, लाजू नका."

"डावीकडे थोडं सैल," डॉक्टर खालनं बोलले. मग उठून बसले. कपाळावर आणि गालांवर तीन पुसट खुणा. ते त्या खुणा आरशात बघत राहिले. "हाडावरच आहेत. तिन्ही." त्यांनी चुंबळीवरची लुगड्याची वळकटी काढायला लावली आणि कपाटातनं जेलीसारखे लिबलिबीत पॅड आणून बसवले. श्वासाची नळी बाहेर यायला जागा आहे का बघितलं. होती. शिकंज्याला लोंबकळून बघितलं. हलला नाही. मग म्हणाले, "एकच गोष्ट. तीन तासांत तोंड थोडं सुजतं, डोकं जरासं सरकतं. डोळे मोकळे आहेत हे मला मधेमधे दिसणार कसं? खाली झोपू काय मी?"

सॉलोमनचं तोंड पडलं. ह्याचा त्यानं विचार केला नव्हता.

काशीबाईनं कमरेची पिशवी उघडली आणि हातभर फडक्यात गुंडाळलेला एक गोल आरसा काढला. "हा घ्या. डोळे आखले की मी मूर्तीला आरशात बघते. समोरनं बघून चूक दिसत नाय, आरशात लगेच दिसते. ह्याला खाली लावा. तिरपा."

सॉलोमननं आरसा हातात घेतला, बिजागरीखाली धरून बघितला आणि डॉक्टरांकडं वळून, जसं काही स्वतःच शोध लावलाय अशा तोऱ्यात म्हणाला, "ही अष्टमीची पोरगी हाय, साहेब. पेणला नुसती दिलीय."

त्या दिवशी काशीबाईला जागेपणी पाऊण तास त्यावर झोपवलं. छातीखाली, कमरेखाली उशा, पोट मोकळं. डॉक्टर दर पाच मिनिटांनी तिच्या डोळ्याभोवती बोट फिरवत होते, जशी ती मूर्तीच्या डोळ्याखालनं फिरवायची तसं. विसाव्या मिनिटाला ती घोरायला लागली.

"शुक्रवारी करू," डॉक्टर म्हणाले.

"सकाळचा पयला नंबर द्या," सॉलोमन म्हणाला. "शुक्रवारी सांजेला माझा शब्बाथ लागतो. मंग मी स्क्रूला हात लावनार नाय, कोनी मेलं तरी."

"स्क्रू तुम्ही लावायचेच नाहीत. माझी माणसं शिकलीत."

सॉलोमननं असं तोंड केलं की डॉक्टरांनाच वाईट वाटलं. "बरं. टेबलाला बसवून द्या तुम्ही. मग बाहेर."

शुक्रवारी पहाटे काशीबाईला आत नेताना तिनं त्याचा हात धरला. मोठ्यानं बोलायची बाई, पण आता आवाज बारीक झाला होता. "सोल्या, खरं सांग. बोट फिरतंय ना सगळीकडनं?"

"फिरतं गो."

"चारदा फिरव."

"दहादा फिरवलंय. जा आता. घोरू नको, डॉक्टर घाबरंल."

मग सुई टोचली आणि सगळं गेलं.

परत आलं ते तुकड्यातुकड्यानं. आधी तहान. मग कमरेत ठणका. मग शांतीचा आवाज, "आई, झालं हो, झालं. पाय हलवून बघा." तिनं डाव्या पायाचा अंगठा हलवला. हलला! दिवाळीपासून पहिल्यांदा त्यात मुंग्या आल्या. पण पायाचं तिला काही पडलेलंच नव्हतं. तिनं डोळे उघडले.

धुकं. नुसतं पांढरं धुकं आणि त्यात एक हलणारा डाग.

ती ओरडली नाही. ओरडायचं बळच नव्हतं. तिनं डोळे मिटले, परत उघडले. परत धुकं. उशाशी चाचपडणारा तिचा हात कुणीतरी पकडला. खरखरीत, तेलाचा वास येणारा हात.

"सोल्या," ती कुजबुजली, "मला दिसत नाय."

हात एकदम थंड पडला. असा गप्प सॉलोमन तिनं साठ वर्षांत ऐकला नव्हता.

"अहो मावशी, घाई काय!" डॉक्टर आत आले होते. "भुलीत डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालून पट्टी लावतो आम्ही. ते मलमच आहे. सिस्टर, ओला कापूस द्या."

गार कापूस पापण्यांवरनं फिरला. एकदा. दोनदा. काशीबाईनं डोळे किलकिले केले. धुक्यातनं आधी खिडकीचे गज वेगळे झाले. मग सलाइनची बाटली. मग तो डाग, त्याला नाक आलं, चष्मा आला, पांढरे खुंट आले. ती बघत राहिली. उजवा डोळा झाकला, डाव्यानं बघितलं. डावा झाकला, उजव्यानं बघितलं. खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं, ती आखणीला बसली की घेत नसत तसाच.

"सोल्या," ती शेवटी म्हणाली.

"काय गो?"

"सदऱ्याचं दुसरं बटन तिसऱ्या काजात घातलंयस. पहाटेपास्नं असाच फिरतोस अख्ख्या पेणभर?"

शांती आधी हसली आणि मग एकदम रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, "धरमतरचा काळुराम म्हणून एक पेशंट आहे, बार्जवर माल चढवतो, त्यालाही असंच पालथं झोपवायचंय. मावशींच्या दुप्पट तोंड आहे त्याचं. चाक उघडेल ना तेवढं, काका?"

सॉलोमन मान खाली घालून बटणं काढत होता, आणि पाइपांत अर्ध्या सुताची फट राहू न देणाऱ्या त्या माणसाच्या बोटांना एक बटण सापडत नव्हतं. चष्म्याच्या काचा आतनं भरून आल्या होत्या.

"हिकडं ये, मी लावते."

"नको." त्यानं बटणं तशीच सोडली, पिशवी उचलली, डबा आहे का तेवढं चाचपलं. "साडेचारची रोह्याची गाडी हाय. दिवे लागायच्या आत अष्टमी गाठाया पायजे. आता निघतो गो मी."